शेवटचे दार आणि त्यावरची पाटी

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



शंभर वर्षे पूर्ण करणाऱ्या ग्रंथालयाच्या व्यासपीठावर मराठीच्या अध्यापकाने उभे राहावे आणि संतवाङ्मयावर, कादंबरीवर किंवा बडोद्याच्या मराठी परंपरेवर चार शब्द बोलावेत, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. संयोजकांनी मला विषयाचे स्वातंत्र्य दिले आणि मी ते जरा अधिकच घेतले आहे. आजचा माझा विषय असा : इंटरनेटवर ज्याला आपले नाव न सांगता वाचायचे आहे, त्याच्यासाठी कोणाला तरी एक दार उघडे ठेवावे लागते. ते दार कोणाच्या जागेत उघडावे, ती जागा कोणाकडून भाड्याने घ्यावी आणि दारावर पाटी कोणाच्या नावाची लावावी? विषय संगणकवाल्यांचा वाटेल. माझे म्हणणे असे की, संगणकवाल्यांच्या हाती येण्यापूर्वी हा प्रश्न ग्रंथपालांचा होता आणि ग्रंथपालांच्याही आधी मुद्रकांचा होता. त्यामुळे मराठीच्या अध्यापकाने त्यात लक्ष घातले तर ते अगदीच अस्थानी ठरू नये. यातील तांत्रिक भाग मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडून समजावून घेतला आहे. तो याच व्यवसायात आहे.

आरंभ आपल्या ओळखीच्या गोष्टीपासून करू. सभासद पुस्तक घरी नेतो तेव्हा आपल्या देवघेवीच्या वहीत एक नोंद होते. क्षयरोगावरचे पुस्तक कोणी नेले, घटस्फोटाच्या कायद्यावरचे कोणी नेले, कोणत्या पुढाऱ्याचे चरित्र कोणाच्या घरी गेले, हे सारे त्या वहीत असते. ग्रंथपाल ते पाहतो आणि गप्प राहतो. या मौनाची शपथ त्याला कोणी घातलेली नसते. तो त्याच्या व्यवसायाचा धर्म असतो. अमेरिकेतील ग्रंथालय संघटनेने १९३० च्या दशकाच्या अखेरीस आपली आचारसंहिता केली, तेव्हा वाचकाविषयी कळलेली खाजगी माहिती गुप्त राखणे हे ग्रंथपालाचे कर्तव्य म्हणून तीत लिहून ठेवले.

अमेरिकेचे नाव या शहरात ग्रंथालयांच्या संदर्भात परके नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी तेथील सार्वजनिक वाचनालये पाहिली आणि १९१० साली विल्यम ॲलन्सन बॉर्डन यांना बडोद्यास आणले. बॉर्डन हे कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन येथील ग्रंथपाल. तीन वर्षांत त्यांनी राज्याच्या ग्रंथालय खात्याची घडी बसवली, ग्रंथपालांसाठी प्रशिक्षण वर्ग काढला आणि 'लायब्ररी मिसेलनी' हे इंग्रजी, गुजराती व मराठी विभाग असलेले नियतकालिक सुरू केले. महाराजांनी राजवाड्यातील आपला सुमारे २०,००० ग्रंथांचा खाजगी संग्रह सेंट्रल लायब्ररीला दिला. गावोगाव पेट्यांतून पुस्तके फिरू लागली. रयतेतील कोणीही मनुष्य राजाच्या कपाटातील पुस्तक मागू शकतो, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

त्याच कनेक्टिकट राज्यात २००५ साली चार ग्रंथपालांवर एक प्रसंग आला. अमुक दिवशी, अमुक वेळी ग्रंथालयाचा संगणक कोण वापरत होते याची माहिती द्या, असे पत्र केंद्रीय तपास यंत्रणेकडून आले. ते पत्र आले आहे हेही कोणास सांगावयाचे नाही, अशी त्यात ताकीद होती. चौघांनी न्यायालयात धाव घेतली. पुढल्या वर्षी सरकारने प्रथम मौनाची सक्ती मागे घेतली आणि नंतर माहितीची मागणीही सोडून दिली. देवघेवीची वही आता संगणकात गेली आहे आणि ती मागणारे हातही बदलले आहेत, एवढाच या प्रसंगाचा अर्थ.

आणखी दहा वर्षांनी, जुलै २०१५ मध्ये, न्यू हॅम्पशायर राज्यातील लेबनॉन नावाच्या लहानशा गावातल्या किल्टन वाचनालयाने एक पाऊल पुढे टाकले. 'टॉर' नावाच्या निनावी जाळ्याचा एक थांबा त्यांनी आपल्या इमारतीत सुरू केला. टॉर म्हणजे काय, हे आपल्याला आंगडियांच्या उदाहरणाने चटकन कळेल. समजा, मला एक चिठ्ठी सुरतेस धाडायची आहे आणि ती मी धाडली हे कोणास कळू द्यायचे नाही. मी चिठ्ठी एका लखोट्यात घालीन, तो दुसऱ्यात आणि तो तिसऱ्यात. पहिला आंगडिया बाहेरचा लखोटा फोडील. त्याला माझा चेहरा माहीत, पण आत फक्त दुसऱ्या आंगडियाचा पत्ता. दुसऱ्याला पहिला माहीत आणि तिसरा माहीत. मीही नाही आणि सुरतही नाही. तिसरा शेवटचा लखोटा फोडून चिठ्ठी पोचती करील. त्याला सुरतेचा पत्ता ठाऊक, पण चिठ्ठी कोणाची हे ठाऊक नाही. एकावर एक लखोटे म्हणजे कांद्याचे पापुद्रे, म्हणून या पद्धतीचे इंग्रजी नावही कांद्यावरून पडले आहे. १९९० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकी नौदलाच्या संशोधनशाळेत ही कल्पना निघाली. २००२ मध्ये टॉर चालू झाले आणि २००६ पासून एक विना-नफा संस्था ते सांभाळते. जगभरचे काही हजार थांबे स्वयंसेवक आपल्या खर्चाने चालवतात.

तीन थांब्यांपैकी पहिले दोन निवांत असतात. सारी झळ तिसऱ्याला, शेवटच्या थांब्याला लागते. सुरतेच्या माणसाला चिठ्ठीवर दिसतो तो तिसऱ्या आंगडियाचा शिक्का. इंटरनेटवर वाचकाच्या मागणीवर जो पत्ता उमटतो, तो शेवटच्या थांब्याचा. कोणी त्या वाटेने शिवीगाळ केली, चोरीचा सिनेमा उतरवला, एखाद्या बँकेचे दार ठोठावून पाहिले, तर तक्रार या पत्त्यावर येते. संगणक भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या दृष्टीने तो गुन्हा तिच्या भाडेकरूचा असतो. म्हणून शेवटचे दार उघडणाऱ्याची पहिली परीक्षा यंत्राची नसते. जागा कोणाकडे मागावी, ही त्याची पहिली परीक्षा.

मराठी लेखकांना ही परीक्षा नवी नाही. १८४८ साली गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते आणि समाजाचे दोष स्पष्टपणे मांडणारी पत्रे त्यांना लिहावयाची होती. ती 'लोकहितवादी' या नावाने भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' पत्रात आली. लेखकाचे नाव पडद्याआड राहिले. पत्राचे आणि संपादकाचे नाव उघड राहिले. शतपत्रांनी उठवलेला रोष प्रथम ज्याच्या दारावर येणार, तो प्रभाकरकर्ता होता. १८६७ च्या मुद्रणविषयक कायद्याने तर प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचे नाव व छापण्याचे ठिकाण देणे बंधनकारक केले. लेखक निनावी राहिला तरी चालेल, छापणाऱ्याने मात्र नाव द्यावे, असा त्याचा परिणाम झाला. हा कायदा दीडशेहून अधिक वर्षे टिकला आणि २०२४ साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली.

दुसरे उदाहरण बडोद्याचेच आहे. १८९३ च्या आरंभी अरविंद घोष येथे नोकरीस आले. त्यांचे केंब्रिजचे स्नेही केशवराव देशपांडे मुंबईच्या 'इंदुप्रकाश' या इंग्रजी-मराठी पत्राचा इंग्रजी विभाग पाहत होते. त्यांच्या आग्रहावरून अरविंदांनी काँग्रेसच्या धोरणावर कठोर टीका करणारी लेखमाला ऑगस्ट १८९३ पासून निनावी लिहिली. लेखक येथे, बडोद्यात, सुरक्षित होता. छापखाना मुंबईत, इंग्रजी अंमलात होता. पहिल्या लेखांनी खळबळ उडाली. अरविंदांनी पुढे सांगितल्याप्रमाणे, न्यायमूर्ती रानड्यांनी पत्राच्या मालकाला सावध केले की, हे असेच चालले तर राजद्रोहाचा खटला होईल. मालक कचरला, लेखमालेचा सूर उतरवावा लागला आणि मार्च १८९४ मध्ये ती थांबली. येथे रानड्यांना किंवा मालकाला दोष देण्याचे कारण नाही. मालकाने आपला छापखाना किती जोखमीसाठी दिला आहे, हे कोणी आधी ठरवून घेतलेले दिसत नाही. संपादकाचे धैर्य आणि मालकाचे धैर्य सारखे असेलच असे नाही. ते पहिला लेख छापण्यापूर्वी विचारून घ्यावे लागते.

तिसरे उदाहरण 'केसरी'चे. १५ जून १८९७ च्या अंकात शिवाजीमहाराजांच्या तोंडी घातलेली एक कविता लेखकाच्या खऱ्या नावाविना प्रसिद्ध झाली. खटला टिळकांवर झाला. लेखन स्वतःचे असो वा दुसऱ्याचे, प्रसिद्ध करणारा जबाबदार, असे न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी मानले आणि टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. त्यांच्यासोबत उभा केलेला मुद्रक मात्र सुटला. निनावी मजकुराचे ओझे कोणी उचलायचे, प्रकाशकाने की मुद्रकाने, हा भेद न्यायालयाने तेव्हाच केला होता.

आणि चौथे उदाहरण तर आजच्या विषयाला तंतोतंत लागू पडते. सावरकरांनी १८५७ च्या उठावावरचा आपला मराठी ग्रंथ लंडनमध्ये लिहिला. पुढे त्याच्या प्रकाशकांनी हकीकत दिली आहे ती अशी : हिंदुस्थानात छापण्याचा प्रयत्न छापखान्यांवरील झडत्यांमुळे सोडावा लागला आणि हस्तलिखित युरोपात परत गेले. जर्मनीत संस्कृत ग्रंथांसाठी देवनागरी खिळे होते, म्हणून तेथे जुळणी करून पाहिली. पण जुळाऱ्यांना मराठी येत नव्हते. मग इंग्रजी भाषांतर झाले. इंग्लंड-फ्रान्समध्ये छापणारा मिळेना, तेव्हा १९०९ मध्ये ते हॉलंडमध्ये छापले गेले. आपण या लेखकाविषयी कोणतेही मत बाळगा. येथे लक्ष द्यायचे ते शोधाच्या रीतीकडे. कोणत्या देशाचा कायदा छापू देतो, कोणाकडे साधने आहेत, कोणाला आपली भाषा कळते आणि कोण दबाव आला तरी टिकेल, हे चार प्रश्न त्या मंडळींनी देशोदेशी विचारले. शेवटच्या थांब्यासाठी जागा शोधणारा आजचा मनुष्य हेच चार प्रश्न विचारतो. योगायोग असा की त्यालाही उत्तर म्हणून जर्मनी आणि हॉलंड हीच नावे पुष्कळदा मिळतात.

आता त्या निवडीच्या व्यवहाराकडे येऊ. अनुभवी मंडळींनी जे नियम सांगितले आहेत, ते मी माझ्या भाषेत मांडतो.

पहिला नियम : हे दार स्वतःच्या घरात उघडू नये. मॉस्कोतील बोगातोव नावाचे गणिताचे एक अध्यापक आपल्या घरच्या जोडणीवरून शेवटचा थांबा चालवीत. कोणी तरी त्या वाटेने दंगलीची चिथावणी देणारा मजकूर टाकला. एप्रिल २०१७ मध्ये अध्यापकांना अटक झाली. काही महिने तुरुंगात आणि त्यानंतर स्थानबद्धतेत गेले. २०१८ साली आरोप मागे घेण्यात आले. निर्दोष ठरणे आणि त्रास न होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरात मुलाबाळांचे संगणक असतात, विद्यार्थ्यांचे निबंध असतात. जप्तीचा हात त्यांना वेगळे काढीत नाही. म्हणून थांबा स्वतंत्र भाड्याच्या संगणकावर, स्वतंत्र पत्त्यावर असावा आणि त्या संगणकावर दुसरे काही ठेवू नये.

दुसरा नियम : जागा देणाऱ्या कंपनीला आधी सांगावे आणि तिची संमती लेखी घ्यावी. नियमावलीत बंदी दिसत नाही, म्हणजे परवानगी आहे, असा अर्थ काढू नये. विचारताना 'टॉर चालेल का?' एवढेच विचारणे पुरेसे नाही. मधला थांबा चालवू देणाऱ्या पुष्कळ कंपन्या शेवटचा थांबा चालवू देत नाहीत. विचारायचे ते असे : तक्रार आली तर तुम्ही ती आमच्याकडे पाठवाल की थेट संगणक बंद कराल? उत्तराला आम्हांला किती वेळ द्याल? किती तक्रारींनंतर तुमचा संयम संपेल? या प्रश्नांची सरळ उत्तरे देणारी लहान कंपनी, गोलमोल बोलणाऱ्या मोठ्या कंपनीपेक्षा बरी. 'इंदुप्रकाश'च्या मालकाला हेच विचारायला हवे होते.

तिसरा नियम पाटीचा, आणि माझ्या मते तो सर्वांत महत्त्वाचा. पत्त्यांच्या जाहीर नोंदवहीत तक्रारीसाठी संपर्क म्हणून आपले नाव नोंदवून देईल, अशी कंपनी शोधावी. मग तक्रारी कंपनीच्या माथी न जाता आपल्याकडे येतात. संगणकाचे नावच असे ठेवावे की हा टॉरचा शेवटचा थांबा आहे, हे वाचणाऱ्याला लगेच कळेल. त्या पत्त्यावर कोणी येऊन पाहिले तर त्याला एक साधी सूचना दिसावी : येथून जाणारा मजकूर आमचा नाही, तो कोणाचा आहे याची नोंद आमच्याकडे नाही, शंका असल्यास येथे लिहा. ज्याला दुसऱ्याचे नाव झाकायचे आहे, त्याने आपले नाव झाकून चालत नाही. प्रभाकरकर्त्याने ते झाकले नाही, टिळकांनीही झाकले नाही.

चौथा नियम गर्दी टाळण्याचा. स्वस्त आणि सोयीच्या कंपन्या सर्वांनाच ठाऊक असतात, म्हणून थांबे तेथेच गोळा होतात. जर्मनीची हेट्झ्नर, फ्रान्सची ओव्हीएच अशा कंपन्यांत आधीच इतके थांबे आहेत की, नव्या माणसाने तेथे जाऊ नये असे टॉरची संस्थाच सांगते. तिन्ही आंगडियांच्या पेढ्या एकाच वाड्यात असतील, तर वाड्याचा मालक दारात बसून येणारे-जाणारे ताडून पाहू शकतो; मग तीन लखोट्यांचा काय उपयोग? म्हणून जेथे कमी लोक आहेत अशी कंपनी, आणि शक्य तर असा देश निवडावा. आपलेच दोन-चार थांबे असतील तर ते एकाच कुटुंबातले आहेत, हेही जाहीर करावे; म्हणजे एकाच वाटेवर ते दोनदा येत नाहीत.

पाचवा नियम खर्चाचा. अशा थांब्यातून महिन्याला दोन टेराबाइटच्या पुढे वाहतूक होऊ द्यावी, अशी शिफारस आहे. 'अमर्याद वाहतूक' या जाहिरातीखालची बारीक अक्षरे वाचावीत. तीन महिने चालवून पैसे संपले म्हणून बंद करण्यापेक्षा लहान थांबा तीन वर्षे चालवावा. वाचनालय जसे रोज ठरल्या वेळी उघडते म्हणून वाचनालय असते, तसेच हे आहे.

सहावा नियम : कोणती दारे उघडायची हे ठरवता येते. पाने वाचण्यासाठी लागणारी दोन-चार दारे उघडी ठेवून, टपालाच्या खोट्या भडिमारासाठी वापरले जाणारे दार बंद ठेवता येते. ते तर मुळातच बंद असते. जेवढी दारे कमी तेवढ्या तक्रारी कमी. कंपनीशी बोलताना ही मर्यादा दाखवली की तिचाही जीव भांड्यात पडतो.

सातवा नियम : हे काम एकट्याने करू नये, संस्थेने करावे. जर्मनीत, फ्रान्समध्ये, स्वीडनमध्ये अशा नोंदणीकृत संस्था आहेत. संस्था असली म्हणजे कवचकुंडले मिळाली असे नाही. जर्मनीतील 'झ्वीबेलफ्रॉइंडे', म्हणजे 'कांद्याचे मित्र', या संस्थेच्या पदाधिकाऱ्यांच्या घरांची जून २०१८ मध्ये झडती झाली. पण ऑगस्टमध्ये म्यूनिकच्या न्यायालयाने ती झडती बेकायदेशीर ठरवली. एकट्या माणसाला दोन महिने काढणे जड जाते. संस्थेपाशी वकील असतो, सभासद असतात, इतिवृत्त असते.

या सातही नियमांच्या मुळाशी एक आठवा आहे, तो कोणी करारात लिहीत नाही. शेवटचा आंगडिया आतला लखोटा फोडतो. चिठ्ठी स्वतंत्रपणे मोहोरबंद नसेल, तर ती त्याला वाचता येते. आज बहुतेक संकेतस्थळे मोहोरबंद व्यवहार करतात, तरी सगळी नाहीत. आणि वाईट हेतूने शेवटचे थांबे चालवणारेही पूर्वी सापडले आहेत. तेव्हा तेथे उभ्या असलेल्या माणसाने वाचू नये आणि टिपून ठेवू नये. देवघेवीच्या वहीपाशी बसलेल्या ग्रंथपालाचे मौन ते हेच.

आता आपल्या देशाचे पाहू. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. त्याच्या ७९ व्या कलमाने मध्यस्थाला संरक्षण दिले आहे : ज्याने मजकूर सुरू केला नाही, तो कोणाकडे जावा हे ठरवले नाही आणि त्यात फेरफार केला नाही, तो योग्य दक्षता घेत असेल तर दुसऱ्याच्या मजकुराला जबाबदार नाही. २४ मार्च २०१५ च्या श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम अधिक नेमके केले, आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. टॉर वापरण्याला मनाई करणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. हे सारे जमेच्या बाजूला. परंतु ७९ व्या कलमाचे संरक्षण न्यायालयात मांडायचे असते. दारावर आलेल्या फौजदाराला दाखवायचे ते ओळखपत्र नव्हे.

शिवाय २८ एप्रिल २०२२ रोजी 'सर्ट-इन' या केंद्रीय संस्थेने निर्देश काढले. संगणक भाड्याने देणाऱ्यांनी ग्राहकाचे पडताळलेले नाव, पत्ता आणि भाड्याने घेण्याचा हेतू पाच वर्षे जपून ठेवावा. आणि सर्व सेवा देणाऱ्यांनी आपल्या यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस ठेवाव्यात. एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन या परदेशी कंपन्यांनी त्याच वर्षी आपले भारतातील संगणक हलवले. आपल्या विषयाच्या दृष्टीने या निर्देशांचे दोन भाग वेगळे करावेत. नाव देण्याला प्रामाणिक थांबा चालवणाऱ्याची हरकत असण्याचे कारण नाही. तो तर स्वतःच पाटी लावतो. अडचण आहे ती नोंदींची. ज्याचे व्रतच टिपून न ठेवण्याचे आहे, त्याने १८० दिवस टिपून कसे ठेवावे? येथे जागा देणारी कंपनी कितीही भली असली, तरी तिच्या भलेपणाची हद्द कायद्याने आखलेली आहे. म्हणून आज कोणी मला विचारले की, वडोदऱ्यात किंवा मुंबईत संगणक भाड्याने घेऊन शेवटचे दार उघडावे का, तर वकिलाचा लेखी सल्ला हाती असल्याशिवाय 'उघडू नये' असेच मी सांगेन.

सभागृहातील पुष्कळांच्या मनात असलेला प्रश्न मी टाळणार नाही. या पडद्याआड दुर्जनही वावरतात. त्यांना दार कशाला उघडून द्यायचे? प्रश्न खरा आहे. टॉरच्या वाटेने गुन्हे घडले आहेत आणि त्यांचे खटलेही झाले आहेत. परंतु दुर्जनाला इतर वाटा असतात. तो चोरलेल्या जोडण्या वापरतो, परक्याच्या नावावर घेतलेले दूरध्वनी वापरतो. आपले नाव झाकण्यासाठी कायदा मोडायची ज्यांची तयारी नाही, त्यांच्यापाशी सरळ अशी हीच एक वाट असते. नवऱ्याच्या धाकात राहून सुटकेचा मार्ग वाचणारी बाई, वरिष्ठांचा भ्रष्टाचार कळवू पाहणारा कारकून, आपल्या आजाराचे नाव घरात उच्चारू न शकणारा तरुण, हे त्या वाटेचे वाचक. रोज लाखो लोक ती वापरतात.

किल्टन वाचनालयाचे पुढे काय झाले, हे सांगून हा मुद्दा पुरा करतो. अंतर्गत सुरक्षा खात्याकडून सूचना येऊन गावच्या पोलिसांनी वाचनालयाशी बोलणे केले. वाचनालयाने थांबा बंद ठेवला आणि प्रश्न विश्वस्तांच्या सभेपुढे नेला. १५ सप्टेंबर २०१५ रोजी उघड सभा झाली, गावकरी येऊन बोलले आणि थांबा पुन्हा सुरू झाला. मला त्यातील सभा महत्त्वाची वाटते. पोलिसांनी आपली भीती सांगितली, वाचनालयाने आपला धर्म सांगितला आणि निर्णय इतिवृत्तात लिहिला गेला. त्यांनी सुरुवात केली होती ती शेवटच्या थांब्याने नव्हे, मधल्या थांब्याने, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

मग आपल्या ग्रंथालयाने काय करावे? शताब्दीच्या निमित्ताने मी कार्यकारिणीपुढे तीन सूचना नम्रपणे ठेवतो. एक, देवघेवीच्या संगणकातील नोंद पुस्तक परत आल्यावर किती दिवस ठेवायची, याचा लेखी नियम करावा. हिशेबाला व नियमाला लागेल तेवढीच ठेवावी, आणि ती कोणाच्या मागणीवरून व कोणत्या लेखी आदेशाने दाखवायची हेही त्यात लिहावे. दोन, वाचनकक्षातील संगणकांची देखभाल ज्या कंपनीकडे आहे किंवा पुढे जिच्याकडे जाईल, तिच्याशी करार करताना दराबरोबरच हे विचारावे की, आमच्या वाचकांविषयी तुम्ही काय टिपता आणि ते कोणाला देता? शेवटच्या थांब्यासाठी कंपनी निवडताना जे प्रश्न विचारायचे, तेच येथेही विचारायचे आहेत. कसोटी एकच आहे. तीन, निनावी जाळ्याला मधल्या थांब्याची मदत करावी की नाही, हा विषय वकिलाच्या सल्ल्यासह वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे आणावा. सभा 'नको' म्हणाली तर तोही निर्णय सन्मानाने इतिवृत्तात जावा. अशा गोष्टी एखाद्या उत्साही सभासदाने कोपऱ्यातल्या संगणकावर गुपचूप करू नयेत. गुपचूपपणा वाचकाचा हक्क आहे, संस्थेचा नव्हे.

शंभर वर्षांत या ग्रंथालयाच्या दारातून किती वाचक आत आले, हे आपली सभासदांची वही सांगेल. त्यांतील प्रत्येकाने काय वाचले आणि त्याच्या मनात काय उलटले, हे कोणी सांगू शकणार नाही आणि तेच योग्य आहे. वाचकाला निश्चिंतपणे वाचता यावे म्हणून दारावर आपल्या नावाची पाटी लावून उभे राहण्याचे काम ग्रंथालयाकडे आले आहे. पुढल्या शतकात पुस्तकांची रूपे बदलतील, दारेही बदलतील; पाटी तेवढी स्वच्छ ठेवावी, एवढी प्रार्थना.